आरोग्य विज्ञान शिक्षणातील ऑनलाइन व संमिश्र अध्ययन : व्याप्ती आणि मर्यादा

बीजशब्द : आरोग्य विज्ञान शिक्षण, ऑनलाइन अध्ययन, संमिश्र अध्ययन, क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम, चिकित्सालयीन कौशल्य, रुग्णसंवाद

प्रस्तावना

दि. २९ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय शिक्षणासंबंधी एक महत्त्वाचा निर्णय दिला. चीनमधील विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण घेणारे काही भारतीय विद्यार्थी २०२० च्या आरंभी कोरोनाच्या साथीमुळे मायदेशी परतले. उर्वरित अभ्यासक्रम, त्यातील चिकित्सालयीन प्रशिक्षणासह, त्यांनी घरी बसून ऑनलाइन पूर्ण केला. परदेशी पदवीधरांसाठी असलेली पात्रता परीक्षाही ते उत्तीर्ण झाले. तरीही त्यांना तात्पुरती नोंदणी द्यावी किंवा नाही, असा प्रश्न होता. चिकित्सालयीन प्रशिक्षण प्रत्यक्ष न घेतलेल्या विद्यार्थ्यास अशी नोंदणी देण्यास राष्ट्रीय वैद्यकीय आयोग बांधील नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि या विद्यार्थ्यांसाठी योजना आखण्याचा आदेश आयोगास दिला. त्यानुसार जुलै २०२२ मध्ये आयोगाने परिपत्रक काढून अशा विद्यार्थ्यांची आंतरवासिता एक वर्षाऐवजी दोन वर्षांची केली.

या निर्णयाचा सोयीस्कर अर्थ असा लावला जातो, की ऑनलाइन शिक्षण आरोग्य क्षेत्रात निरुपयोगी ठरले. दुसऱ्या टोकाला, साथीच्या काळात सारे काही ऑनलाइन 'पार पडले', तेव्हा ते तसेच पुढे चालू ठेवण्यास काय हरकत आहे, असेही विचारले जाते. दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. न्यायालयापुढील विद्यार्थी लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेले होते. म्हणजे त्यांच्या ज्ञानाविषयी वाद नव्हता, वाद होता तो हाताला लागणाऱ्या सवयीविषयी. ही वाटणी नेमकी कोठे पडते, पडद्यावर काय शिकता येते आणि कशासाठी रुग्णाच्या खाटेशीच जावे लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. लेखातील बहुतेक उदाहरणे वैद्यक व परिचर्या या दोन शाखांतील आहेत. तथापि भौतिकोपचार, औषधनिर्माण, दंतवैद्यक या शाखांतील प्राध्यापकांना त्यांत आपलेच प्रश्न दिसतील अशी अपेक्षा आहे.

संज्ञांचा गोंधळ

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली आणि वैद्यकीय महाविद्यालये डिसेंबर २०२० च्या सुमारास पुन्हा उघडू लागली. मधल्या काळात जे घडले त्याला आपण सर्रास 'ऑनलाइन शिक्षण' म्हणतो. शिक्षणशास्त्रात त्यासाठी 'आपत्कालीन दूरस्थ अध्यापन' ही वेगळी संज्ञा त्याच वर्षी रूढ झाली आणि ती अधिक प्रामाणिक आहे. वर्गातील तासाभराचे व्याख्यान तसेच्या तसे कॅमेऱ्यासमोर देणे, ही संकटातील तजवीज होती. तिच्यावरून एखाद्या अध्यापनपद्धतीची परीक्षा करणे म्हणजे पुरात वाहून चाललेल्या माणसाच्या हातपाय मारण्यावरून पोहण्याच्या शास्त्राविषयी मत बनविण्यासारखे आहे.

संमिश्र अध्ययन म्हणजे अर्धे तास ऑनलाइन व अर्धे वर्गात, अशी बेरीजही नव्हे. एकाच घटकाचे भाग पाडून, जो भाग विद्यार्थी स्वतःच्या गतीने, पुनःपुन्हा पाहून अधिक चांगला शिकतो तो आंतरजालावर द्यायचा आणि ज्यासाठी शिक्षक, सहाध्यायी, उपकरण किंवा रुग्ण समोर हवा तो प्रत्यक्ष वेळेत घ्यायचा, अशी ती योजना आहे. दोन्ही भाग एकमेकांवर अवलंबून असले पाहिजेत. विद्यार्थ्याने चित्रफीत पाहिली काय किंवा न पाहिली काय, प्रत्यक्ष तास पूर्वीसारखाच चालणार असेल, तर ते संमिश्र अध्ययन नसून केवळ अधिकचे साहित्य होय. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हेच घडते. व्याख्यानाच्या स्लाइड गटावर टाकल्या जातात, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्याच स्लाइड वाचून दाखविल्या जातात.

आपल्याकडील दोन जुने प्रयोग

ही कल्पना आपल्याकडे २०२० मध्ये आली असे नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने १९९४ मध्ये पदविकाधारक परिचारिकांसाठी दूरस्थ पद्धतीने बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यातील विद्यार्थिनी आधीच नोंदणीकृत आणि नोकरीत असलेल्या परिचारिका होत्या. त्यांचा हात तयार होता, पदवीच्या शिक्षणातून मिळवायचा होता तो त्यामागील विचार.

दुसरा प्रयोग शिक्षकांसाठीचा आहे. 'फेमर' या अमेरिकेतील संस्थेने आरोग्य विज्ञानाच्या शिक्षकांसाठी फेलोशिप सुरू केली. तिचे भारतातील पहिले प्रादेशिक केंद्र २००५ मध्ये मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय व के.ई.एम. रुग्णालयात आले. पुढे लुधियाना व कोइम्बतूर येथेही केंद्रे निघाली. आरंभी काही दिवस सारे फेलो एकत्र येत, नंतरचे अनेक महिने ई-मेलद्वारे चर्चा चाले. प्रत्येक जण आपापल्या महाविद्यालयात एक शैक्षणिक प्रकल्प राबवी आणि वर्षभराने सारे पुन्हा एकत्र जमत. तंत्रज्ञान म्हणावे तर साध्या ई-मेलचे. पण प्रत्यक्ष भेटीत जुळलेली ओळख पुढील दूरस्थ चर्चेला आधार देई, आणि त्या चर्चेचा विषय प्रत्येकाचे स्वतःचे काम हाच असे. आज लाखो रुपयांची अध्ययन-व्यवस्थापन प्रणाली विकत घेणाऱ्या संस्थांनी या साधेपणाकडे एकदा पाहावे.

ज्ञानापासून कृतीपर्यंत : रक्तदाब मोजण्याचे उदाहरण

अमेरिकन वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये चिकित्सालयीन क्षमतेची चार पायऱ्यांची मांडणी केली. विद्यार्थ्याला माहीत असणे, कसे करायचे हे माहीत असणे, करून दाखविता येणे आणि प्रत्यक्ष कामात तो ते करीत असणे, अशा त्या पायऱ्या होत. ही मांडणी प्राध्यापकांना परिचित आहे. तिचा उपयोग मात्र आपण बहुधा परीक्षेपुरता करतो. अध्यापनाचे माध्यम निवडतानाही ती तितकीच उपयोगी पडते. त्यासाठी अगदी प्राथमिक कौशल्य घेऊ : रक्तदाब मोजणे.

हृदयाच्या आकुंचन-प्रसरणानुसार दाब कसा बदलतो, पट्टा फुगविल्यावर धमनीतील प्रवाह का थांबतो, हवा सोडताना ध्वनी का उमटतात, हे पहिल्या पायरीवरचे ज्ञान. रशियन शल्यचिकित्सक निकोलाय कोरोत्कोव यांनी १९०५ मध्ये या ध्वनींचे वर्णन केले. त्यांचे पाच टप्पे फळ्यावर लिहून समजत नाहीत, ते ऐकावे लागतात. वर्गातील साठ विद्यार्थ्यांना एका स्टेथोस्कोपने ते ऐकविणे अशक्य असते, तर ध्वनिमुद्रण प्रत्येक जण कानाला लावून वीस वेळा ऐकू शकतो. येथे ऑनलाइन साधन वर्गापेक्षा निःसंशय सरस आहे.

दुसऱ्या पायरीवर कार्यपद्धती येते. रुग्णाला आधी पाच मिनिटे शांत बसवावे, पाठीला आधार असावा, दंड हृदयाच्या पातळीवर असावा. पट्ट्यातील फुगणाऱ्या भागाची लांबी दंडाच्या घेराच्या सुमारे ८० टक्के असावी, कारण पट्टा लहान पडला तर रक्तदाब प्रत्यक्षाहून अधिक दिसतो. प्रथम नाडीवर बोट ठेवून अंदाज घ्यावा, कारण काही रुग्णांत ध्वनी मध्येच नाहीसे होऊन पुन्हा ऐकू येतात आणि त्या खंडात फसगत होते. मग सेकंदाला सुमारे दोन मिलिमीटर या गतीने दाब उतरवावा. ही माहितीही चित्रफितीतून उत्तम देता येते. चूक असलेल्या चित्रफिती दाखवून 'येथे काय चुकले?' असे विचारता येते, आणि उत्तर चुकल्यास त्याच क्षणी कारण सांगता येते.

तिसऱ्या पायरीपाशी मात्र पडद्याची शक्ती संपते. झडप किती फिरवली म्हणजे पारा हळू उतरतो, हे बोटांनाच कळते. अनेक विद्यार्थी झडप एकदम उघडतात आणि अपेक्षित आकडा 'ऐकू आला' असे सांगतात. कौशल्य प्रयोगशाळेत शिक्षकाने शेजारी उभे राहून, दोन कानांच्या जोडीचा स्टेथोस्कोप लावून एकत्र ऐकले, तरच ही चूक उघडी पडते. आणि चौथी पायरी बाह्यरुग्ण विभागातील. तेथे आजीबाईंनी स्वेटर घातलेला असतो, त्या बोलणे थांबवीत नाहीत, मागे रांग वाढत असते, आणि पाच मिनिटे बसवायला बाकावर जागा नसते. अशा वेळी विद्यार्थी शिकलेले सारे पाळतो की आखूड मार्गाने जातो, हे तेथेच पाहावे लागते.

या उदाहरणातून माध्यमनिवडीचा एक साधा निकष हाती येतो. जेथे डोळे आणि कान पुरतात तेथे आंतरजाल चालते. जेथे स्पर्श, शरीराची हालचाल किंवा दुसऱ्या जिवंत माणसाची प्रतिक्रिया लागते तेथे प्रत्यक्ष वेळ द्यावा लागतो. आपण नेमके उलट करतो. प्रत्यक्ष तासांतील बराच भाग पहिल्या दोन पायऱ्यांवर खर्ची पडतो, आणि तिसरी-चौथी पायरी 'वॉर्डात आपोआप येईल' म्हणून सोडून दिली जाते.

संशोधन काय सांगते?

डेव्हिड कुक व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये आरोग्य व्यवसाय शिक्षणातील आंतरजालाधारित अध्ययनाचे २०१ अभ्यास एकत्र तपासले. काहीच न शिकविण्याच्या तुलनेत आंतरजालावरील शिक्षणाचा परिणाम मोठा दिसला. यात नवल नाही, काहीतरी शिकविले तर काहीतरी येणारच. परंतु पारंपरिक अध्यापनाशी तुलना करता फरक अगदी अल्प निघाला. संमिश्र अध्ययनाविषयी २०१६ मध्ये ५६ अभ्यासांचे जे परा-विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात ज्ञानसंपादनाच्या बाबतीत संमिश्र पद्धती अन्य पद्धतींपेक्षा लक्षणीयरीत्या सरस आढळली. मात्र त्या अभ्यासांमध्ये आपापसांत फार तफावत होती, हे संशोधकांनीच नोंदविले आहे.

हे निष्कर्ष वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, संमिश्र गटातील विद्यार्थी बहुधा त्या घटकावर अधिक वेळ घालवितात आणि मध्ये मध्ये छोट्या चाचण्या देतात. वाचलेले पुन्हा वाचण्यापेक्षा स्वतःला प्रश्न विचारून आठवण्याने ज्ञान अधिक टिकते, हे २००६ मध्ये रोडिगर व कार्पिक यांनी प्रयोगाने दाखविले आहे. म्हणजे श्रेय माध्यमाचे किती आणि वाढीव सरावाचे किती, हे वेगळे काढणे कठीण. प्रस्तुत लेखिकेच्या मते श्रेयाचा मोठा वाटा सरावाचा व तत्काळ मिळणाऱ्या प्रत्याभरणाचा आहे. आंतरजाल हे त्याचे स्वस्त वाहन आहे, इतकेच. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. २०१६ च्या त्या विश्लेषणात मोजले गेले ते ज्ञान, म्हणजे मिलर यांच्या खालच्या पायऱ्या. रुग्णाला मिळालेल्या सेवेत काय फरक पडला, इथवर पोहोचणारे अभ्यास एकंदरीतच थोडे आहेत.

क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमातील जागा

२०१९ पासून एम.बी.बी.एस.साठी क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. त्यात केवळ व्याख्यानांचा वाटा एक-तृतीयांशाहून अधिक नसावा, उर्वरित वेळ प्रात्यक्षिक, गटचर्चा व चिकित्सालयीन कामास द्यावा, असे सांगितले आहे. शिवाय प्रत्येक विषयात स्वयंनिर्देशित अध्ययनाचे तास राखून ठेवले आहेत. ऑनलाइन घटकासाठी ही घरातलीच जागा आहे. प्रत्यक्षात वेळापत्रकावर 'स्वयंअध्ययन' असे लिहिलेला तास पुष्कळदा ग्रंथालयात किंवा उपाहारगृहात संपतो, कारण त्या तासाला काय करायचे आणि त्याचे पुढे काय होणार, हे कोणी ठरविलेले नसते.

वर्गापूर्वी पंधरा मिनिटांची चित्रफीत, तिच्यावर पाच प्रश्न, आणि त्या प्रश्नांची उत्तरे शिक्षकाने वर्गात येण्याआधी पाहिलेली असणे, एवढी तरतूद पुरेशी आहे. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. साठांपैकी चाळीस जणांनी पट्ट्याच्या मापाचा प्रश्न चुकविला असेल, तर तासाचा आरंभ तेथूनच झाला पाहिजे. ज्या दिवशी विद्यार्थ्यांना कळते की उत्तरे कोणी पाहत नाही, त्या दिवसापासून ती एकमेकांकडून उतरविली जातात.

पूर्णपणे ऑनलाइन दिलेले काय चालते, याचेही उदाहरण आपल्यासमोर आहे. पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी अनिवार्य असलेला जैववैद्यकीय संशोधनाचा पायाभूत अभ्यासक्रम चेन्नईची राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्था 'स्वयम्' या मंचावरून चालविते. संशोधनप्रश्न कसा मांडावा, नमुना किती घ्यावा, संमतीपत्रात काय असावे, हा विषयच असा आहे की त्याला खाट लागत नाही. शिवाय हे शिकवू शकणारे जाणकार प्रत्येक महाविद्यालयात नसतात.

भाषा : सर्वांत दुर्लक्षित बाजू

आंतरजालावर वैद्यकीय कौशल्यांच्या चित्रफितींना तोटा नाही. परंतु त्या बहुतांशी इंग्रजीत आणि परदेशी रुग्णालयांतील आहेत. हृदयाचे ध्वनी कोणत्याही देशात सारखेच, रुग्णाचे बोलणे मात्र तसे नाही. छातीत दुखते का, या प्रश्नाला आपल्याकडील रुग्ण 'जीव घाबरतो', 'छाती भरून येते', 'कसंतरी होतं' अशी उत्तरे देतो. 'अंगात कणकण आहे' आणि 'ताप आला' यांत तो फरक करतो. 'वारा गेला' म्हणताना कोणाला अर्धांगवायू अभिप्रेत असतो. 'पोटात कळ', 'पोटात मुरडा', 'पोटात आग' आणि 'पोटात गोळा' ही चार वेगवेगळी दुखणी आहेत. इंग्रजी माध्यमातून आलेल्या, किंवा परप्रांतातून महाराष्ट्रात प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला हे शब्द कोणी शिकवीत नाही. तो ते वॉर्डातील सिस्टरांकडून, कधी मावशींकडून उचलतो.

वृत्ती, नीतिमत्ता व संवाद यांसाठी 'एटकॉम' हा स्वतंत्र घटक अभ्यासक्रमात आहे. त्याला पूरक म्हणून मराठीतील रुग्णसंवादाच्या छोट्या चित्रफिती तयार करणे अवघड नाही. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्या व्यक्तींकडून रुग्णाची भूमिका करवून घ्यावी. त्यानंतर विद्यार्थ्याने रुग्णाचे म्हणणे आपल्या शब्दांत नोंदवावे, आणि प्रत्यक्ष तासात दोन विद्यार्थ्यांच्या नोंदी शेजारी ठेवून चर्चा व्हावी. या कामी वैद्यकीय महाविद्यालयास शेजारच्या कला महाविद्यालयातील मराठी, मानसशास्त्र व समाजशास्त्र विभागांची मदत घेता येईल. परिचर्येच्या अभ्यासक्रमात उपयोजित मानसशास्त्र व समाजशास्त्र आधीपासून आहेत, ते शिकविणाऱ्यांनाही ही सामग्री हवीच आहे. आंतरविद्याशाखीय सहकार्याविषयी आपण चर्चासत्रांत पुष्कळ बोलतो, येथे ते थेट कामाला लागेल.

रुग्णाची गोपनीयता

चित्रीकरणाचा विषय निघाला म्हणजे संमतीचा प्रश्न येतो. वॉर्डात दिसलेल्या दुर्मीळ लक्षणाचे छायाचित्र विद्यार्थ्याच्या भ्रमणध्वनीत, तेथून वर्गाच्या गटात आणि तेथून कोठे जाईल, हे सांगता येत नाही. सार्वजनिक रुग्णालयातील गरीब रुग्ण 'डॉक्टरसाहेब म्हणतात तर काढू द्या' असे म्हणतो. याला संमती म्हणता येत नाही. उपचारासाठी दिलेली संमती अध्यापनासाठीच्या चित्रीकरणास पुरत नाही. ती वेगळी, रुग्णाच्या भाषेत, नकार दिल्यास उपचारात फरक पडणार नाही हे सांगून घ्यावी लागते. देहदानातून आलेल्या शवाच्या विच्छेदनाचे चित्रण करतानाही दात्याच्या व कुटुंबीयांच्या सन्मानाचा विचार हवा. २०२३ मध्ये देशात डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा संमत झाला आहे. तरीही कायद्याच्या आधी महाविद्यालयाने स्वतःचा लेखी नियम करणे इष्ट, आणि तो पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यातच विद्यार्थ्यांना समजावून द्यावा.

विषयांवरून रेषा की क्षमतांवरून?

ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने आरोग्य व संलग्न शाखांतील अभ्यासक्रम, त्यांत मानसशास्त्र व पोषणशास्त्रही, दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने देणे त्या शैक्षणिक वर्षापासून थांबविण्यास विद्यापीठांना सांगितले. वैद्यक, परिचर्या, भौतिकोपचार हे आधीच वर्ज्य होते. यामागील चिंता रास्त आहे. रुग्णाला कधी न भेटलेला आहारतज्ज्ञ किंवा समुपदेशक नोंदणीस पात्र ठरणे धोक्याचेच. परंतु संपूर्ण पदवी ऑनलाइन देणे आणि पदवीतील काही घटक ऑनलाइन देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवरील बंदी पाहून महाविद्यालये दुसरीलाही हात लावायला कचरतील, अशी शंका वाटते. रेषा विषयांवरून आखण्यापेक्षा घटकातील प्रत्येक क्षमतेवरून आखली, तर नियमही राखला जाईल आणि साधनही वाया जाणार नाही.

त्याचा व्यावहारिक आरंभ विभागाच्या बैठकीत होऊ शकतो. एका सत्राचे एकच प्रकरण घ्यावे. त्यातील क्षमता कागदावर उतरवून प्रत्येकीपुढे मिलर यांची पायरी लिहावी. खालच्या दोन पायऱ्यांवरील किती तास आज प्रत्यक्ष व्याख्यानात जातात, ते मोजावे. तेवढे तास मोकळे झाले, तर कौशल्य प्रयोगशाळेत दहा-दहाच्या किती तुकड्या घेता येतील, हा हिशेब वेळापत्रक करणाऱ्या सहकाऱ्यासमोर मांडावा. शिक्षकांची संख्या तीच राहणार असल्याने या मोकळ्या तासांवर अन्य कामे लादली जाणार नाहीत, एवढी हमी मात्र प्राचार्यांकडून आधीच घ्यावी लागेल.